हिमनदीच्या भेटीला

बोट वितळत चाललेल्या हिमनदीसमोर थांबली आणि डेकवरचे सगळे एकदम हळू आवाजात बोलू लागले. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला गेल्यावर बोलतात ना, अगदी तसं. "छान दिसते की अजून," बायको म्हणाली.

ती निळसर, अवाढव्य भिंत गप्प उभी होती. ही गर्दी कशासाठी जमली आहे, हे तिला कुणी सांगितलं असेल का?

मग माझ्या डोक्यात भलतंच आलं. मुलाने हौसेने सगळ्यांना बोटीवर आणलं, पण आत्ताच का? निघण्याआधी डॉक्टरांशी तो मला बाहेर बसवून बोलला होता. आणि माझ्या चहातल्या साखरेवरून रोज भांडणाऱ्या बायकोने आज न्याहारीला स्वतःच माझ्यापुढे केक सरकवला. "खा हो, काही होत नाही," म्हणाली.

"काय रे, काही लपवताय का माझ्यापासून?" मी मुलाला विचारलं.

"काहीतरीच काय, बाबा! हसा बघू जरा," तो मोबाइल धरून म्हणाला.

तेवढ्यात माझ्यामागे गडगडाट झाला. बर्फाचा प्रचंड कडा समुद्रात कोसळला. बोटीवरचे सगळे तिकडे वळले.

मुलाचा मोबाइल मात्र माझ्यावरच होता.