मेंढ्या आधी कुणाच्या रानात?

निजामाचा अंमल हैदराबादेत असेल. आमच्या गावात मेंढ्या आल्या की कुणाचाच अंमल चालत नसे. पिकं निघाली की धनगर आपले कळप रिकाम्या रानात बसवायचे. रानाला लेंडीखत मिळायचं, बदल्यात आम्ही त्यांना ज्वारी द्यायचो. पण कळप आधी कुणाच्या रानात, यावरून दरसाल चावडीत बाचाबाची. जमीनदार मागे हटायचे नाहीत, आम्ही लहान शेतकरी तर त्याहून नाही. शेवटी धनगर वैतागून पुढच्या गावाला निघून जायचे आणि आम्ही मिशीला पीळ देत घरी.

त्या साली माझं ओढ्याकाठचं रान पार निकस झालं होतं. खत मिळालं नसतं तर ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नसती. म्हणून मी भर चावडीत उठलो आणि सांगितलं, पहाटे पोखर्णीचा नरसिंह माझ्या स्वप्नात आला होता.

स्वप्न सांगताना मी प्रत्येकाच्या पानावर काही ना काही वाढलं. देव म्हणाला, ही माझी पंगत आहे. पंगतीत आधी लेकरं जेवतात, यजमान शेवटी. तेव्हा सगळ्यात लहान रान आधी. यजमान म्हटल्यावर जमीनदार फुलले. लहान शेतकरी खूशच झाले. धनगरांची ज्वारी आधीच मापून द्यायची, असंही देव जाता जाता सांगून गेला. देव इतका मुद्देसूद बोलतो याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

सगळ्यात लहान रान माझं, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात एक म्हातारा धनगर म्हणाला, "मंग तुमच्या शेजारच्या म्हातारीचं? ते तर लयच बारकं हाय."

म्हातारी एकटी, मागेपुढे कुणी नाही. तिचं रान मी साफ विसरलो होतो. दर नांगरटीला तिचा बांध कोरून कोरून मनातल्या मनात ते मी माझंच करून टाकलं होतं.

मोजणीला पटवारी आला. दप्तरात तिचं रान माझ्याएवढंच निघालं, जमिनीवर निम्मं. चावडीत पहिल्यांदाच एकमत झालं. बांध मागे न्यायचा, मेंढ्या आधी म्हातारीकडे बसवायच्या.

"आणि माझी पाळी?" मी विचारलं.

"देवानं लेकरांचं सांगितलं," धनगर म्हणाला, "चोराचं काय बोलला न्हाई."

माझा नंबर जमीनदारांच्याही मागे गेला. तोवर कळप निघून गेले आणि माझी ज्वारी गुडघ्यालाच राहिली. म्हातारीची डोक्याच्या वर गेली. ती पोखर्णीला जाऊन आली आणि बांधावर येऊन तिनं माझ्या हातात प्रसाद ठेवला.

"लेकरा, माझ्यासाठी देव आला तो तुझ्याच सपनात आला. लय पुण्यवान हायस तू."

लाजेनं माझी मान वर होईना. ते स्वप्न मला पडलंच नव्हतं, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्याही लेखी मी नुसता चोर उरलो असतो.