जावेचं पेज

माझी धाकटी जाऊ स्वभावाने चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला शिकवायला येऊ नये. चांगली माणसं डोळ्यांत जास्त खुपतात. वाईट माणसाला निदान नावं तरी ठेवता येतात.

ती लग्न होऊन शिरगावच्या आमच्या घरात आली तोपर्यंत घरातली कॉम्प्युटरवाली मी होते. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका छोट्या ऑफिसात मी कपड्यांच्या दुकानांच्या वेबसाइट बनवते. ऑफिस म्हणजे जीन्सच्या गोडाऊनवरचा पोटमाळा. पण बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की सासूबाई सांगायच्या, "माझी मोठी सून कॉम्प्युटरची हाय." मी शेजारी उभी राहून काही ऐकलंच नाही असं दाखवत भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. मग धाकटी आली. तिचंही काम तेच, पण मोठ्या कंपनीत आणि घरी बसून. तिची खुर्चीसुद्धा कंपनीने टेम्पोने पाठवली. दसऱ्याला सासूबाईंनी त्या खुर्चीला हळदकुंकू वाहिलं. माझ्या लॅपटॉपला इतक्या वर्षांत कधी वाहिलं नव्हतं. तेव्हापासून बाजारातलं वाक्य बदललं. "माझ्या दोनी सुना कॉम्प्युटरच्या," असं झालं, आणि पुढे सगळी माहिती धाकटीचीच.

त्यामुळे नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की या घरात मोठी कोण, हे आता एकदा सगळ्यांना दिसू दे.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला माणसं जास्त. भाऊकी चिखलोलीपासून अंबरनाथ, उल्हासनगरपर्यंत पसरलेली, आणि कुठल्या घरातून किती येणार हे आचाऱ्याला आधी सांगावं लागतं. मी म्हटलं, मी एक पेज बनवते. फोनवर उघडलं की प्रत्येक घराचा आकडा दिसेल. सासूबाईंना कल्पना आवडली. पण सगळ्यांची मिळून एकच शीट ठेवायला कुणी तयार होईना. आपल्या घरातून किती जाणार हे दुसऱ्या घराने आधीच का बघावं, असा प्रत्येकाचा प्रश्न. शेवटी प्रत्येक घराने आपली वेगळी ऑनलाइन शीट ठेवली, आणि माझ्या पेजने त्या सगळ्या शीटांकडे जाऊन विचारायचं, असं ठरलं.

अशी विचारणा केली की उत्तर लगेच हातात पडत नाही, इंटरनेटवरून यायला वेळ लागतो. तोपर्यंत प्रोग्रॅमच्या हातात फक्त एक प्रॉमिस असतं. त्याच्या तीनच अवस्था. उत्तर आलं, किंवा नकार आला, किंवा अजून यायचं आहे. एका विचारणेचं प्रॉमिस मी डोळे मिटून सांभाळते. दुकानाच्या साइटवर मालाची यादी एकाच ठिकाणाहून येते, तिथे कधी अडलं नव्हतं. इथे घरं बरीच होती.

सासूबाई म्हणाल्या, "थोरल्या घराला पयला इचार, नाय तर बोलतील." आमच्याकडे आवतण द्यायला निघालं की आधी चिखलोलीला थोरल्या चुलत सासऱ्यांच्या उंबऱ्यावर जायचं, तिथला चहा झाल्याशिवाय दुसऱ्या दारात पाऊल टाकायचं नाही. मीही प्रोग्रॅम तसाच लिहिला. आधी चिखलोलीला विचार, त्यांचं उत्तर येईपर्यंत थांब, मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. मानाने सगळं बरोबर होतं. पण चुलत सासऱ्यांनी आपल्या शीटमध्ये प्रत्येक नावापुढे फोटो डकवला होता. माणसांचे झाले, शर्यतीच्या बैलाचाही. ती शीट येता येईना, आणि सगळी भाऊकी तिच्यामागे रांगेत उभी. घरातल्या मंडळींसमोर मी पेज उघडलं तर नुसतं गोल फिरत राहिलं. नणंद म्हणाली, "वहिनी, माझं लग्न होऊन जाईल."

सगळे हसले. जाऊ हसली नाही. ती माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "ताई, सगळ्यांना एकदमच विचारू या ना. ज्याचं उत्तर येईल तसं दाखवत जाऊ. मी बघू का थोडं?" थोडं म्हणे. चहा उकळून गाळेपर्यंत तिने ते केलंसुद्धा. पेज उघडलं की घरं टपाटप येऊन पडायला लागली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "बग गो, कशी पटापटा आली सगली!" मी कप विसळायला आत गेले. कप स्वच्छच होते. मला नुसता जळफळाट होत होता आणि तो कुठेतरी ठेवायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी देव मला पावला. जसं उत्तर येईल तसं दाखवायचं म्हटल्यावर फोटोंनी जड झालेलं थोरलं घर सगळ्यात शेवटी, तळाला दिसत होतं. उल्हासनगरच्या आत्या वर आणि चिखलोली खाली! चुलत सासऱ्यांनी ते आपल्या फोनवर पाहिलं. सासूबाईंना फोन करून म्हणाले, "आमचा घर गावाचे येशीवर टाकलाव का?" आणि रागाने आपली शीटच बंद करून टाकली. हळदीलाही येणार नाही म्हणाले.

मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. मोठ्या कंपनीत भाऊकी शिकवत नाहीत, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. मग सासूबाईंसमोर पदर खोचून पुढे झाले. याच्यावरचा उपाय मला माहीत होता. प्रॉमिस.ऑल नावाची एक सोय आहे. सगळ्यांना एकदम विचारायचं, सगळी उत्तरं येऊ द्यायची, आणि आपण ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने ती एकदम हातात घ्यायची. वेगही राहतो आणि मानही राहतो. मी लिहिलं, सगळ्यांना अंगणात बोलावलं, नणंदेच्या होणाऱ्या सासूलाही तेव्हाच यायचं होतं, त्याही बसल्या. मी पेज उघडलं.

कोरं. एकही घर नाही. आमचंसुद्धा नाही.

प्रॉमिस.ऑलची एक अट असते. एकाचा जरी नकार आला तरी सगळ्यांचाच नकार धरते, बाकीच्यांची आलेली उत्तरंही आपल्या हाती देत नाही. चिखलोलीची शीट बंद होती आणि म्हणून अख्खी भाऊकी गायब. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि अंगणात पाहुण्यांसमोर आठवलेलं यात फार फरक आहे. होणाऱ्या विहीणबाई कोऱ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "छान आहे." मी तोंडावर पडले ते असं.

जावेने लॅपटॉप आपल्याकडे ओढला नाही, हेही मला झोंबलं. ओढला असता तर भांडता आलं असतं. ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ताई, ऑल आहे ना, तिथे ऑलसेटल्ड करा. मग जे आले ते आले, जे नाही आले त्यांचंही कळतं. क्रम तुमचाच राहील." मी माझ्याच बोटांनी तिचा शब्द टाइप केला. सगळी घरं मानाने येऊन बसली. पहिल्या ओळीत चिखलोली, आणि त्यापुढे लाल अक्षरांत 'नकार'.

ती म्हणाली, "ते नकार नका ना लिहू. काका रागावलेत फक्त. 'यायचं आहे' लिहू या."

"शीट बंद केली म्हणजे नकारच येतो," मी म्हटलं. "प्रोग्रॅममध्ये असंच असतं, तुला माहीत नाही का?"

"मशीनला येतो. पण नकार वाचला तर काका खरंच नाही येणार."

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी 'यायचं आहे' टाइप केलं, आणि सासूबाईंनी त्यांच्या आकड्याची वाट न बघताच आचाऱ्याला थोरल्या घराचीही माणसं धरायला सांगितलं.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात मांडव, बाहेर बेंजोवाले सूर लावतायत, आणि मांडवाच्या खांबाला मोठा टीव्ही बांधलेला. त्यावर ते पेज. जावेने त्यात आणखी भर घातली होती. ज्या घरातली माणसं आली त्या घरापुढे ती आपल्या फोनवरून 'आले' करत होती. येणारा प्रत्येक जण आधी टीव्हीसमोर उभा राहून आपलं घर शोधायचा. सासूबाई ऐटीत सांगत होत्या, "ह्या सगला माज्या धाकटीनं केलाय." एकदा नाही, आलेल्या प्रत्येकाला. पेज माझं, कल्पना माझी, भाऊकीचा क्रम माझा. मी हळदीची परात घेऊन तिथेच उभी होते. ती परात मी ओट्यावर ठेवली आणि डोकं दुखतंय म्हणून वर माझ्या खोलीत जाऊन पडले.

आमच्या घरी नवरीला पहिली हळद मोठी वहिनी लावते. मला माहीत होतं की माझ्याशिवाय सुरू करता येणार नाही. म्हटलं, येऊ देत बोलवायला. सासूबाई स्वतः येतील, जिन्यात धाप लागेल, लागू दे. मी दाराला आतून कडी लावली नाही, म्हणजे त्यांना ढकलता यावं. पण कुणी आलं नाही. खाली लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण खाकरली, तिने पहिलं गाणं उचललं, बायकांनी तिच्यामागे आवाज लावला. सुरू केलं त्यांनी. जे आले ते आले. तिनेच शिकवलं असणार.

काय चाललंय ते बघावं म्हणून मी फोनवर पेज उघडलं. वरपासून खालपर्यंत 'आले', 'आले'. चिखलोली, पहिल्याच ओळीत, आले! चुलत सासरे रुसवा सोडून मांडवात येऊन बसलेसुद्धा. सगळ्यात खाली आमचं शिरगावचं घर. त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'एक यायचं आहे.'

मी उठून बसले. आमच्या घराची ओळ जाऊच भरत होती. म्हणजे हे खाली टीव्हीवर दिसत होतं. अख्ख्या भाऊकीला दिसत होतं की शिरगावच्या घरातलं कुणीतरी अजून यायचं आहे, आणि मांडवात कोण दिसत नाही हे कळायला कुणाला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. मला इतका संताप आला की मी केसही न बांधता खाली आले.

मांडवात गाणं चालू होतं, पण हळद लागलेली नव्हती. नणंद पाटावर कोरीच बसली होती, पाचही सवाष्णी वाट्या धरून उभ्या, आणि सगळ्यांचे चेहरे जिन्याकडे. बायका तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या. पुढच्या खुर्चीतून चुलत सासरे म्हणाले, "ये गो सून. मी आलू, तू कशाला रुसलीस?" मांडव हसला. जावेने ओट्यावरची माझी परात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, आता 'आले' करते हं." तिने फोनवर बोट टेकवलं. टीव्हीवर शेवटची ओळ बदलली आणि बाहेर बेंजो सुरू झाला.

मी नणंदेच्या गालाला पहिली हळद लावली.

शीट बंद झाली की नकार येतो, हे मला येतं. रुसून वर गेलेल्या माणसापुढे नकार न लिहिता 'यायचं आहे' लिहावं, आणि सगळ्यांना त्याच्यासाठी थांबवून ठेवावं, हे तिला सुचलं. तिच्या जागी मी असते तर मला सुचलं नसतं. ती कंपनीची खुर्ची मी कधीच विसरले असते, पण हे काही केल्या विसरता येत नाही.