दुसऱ्या पानापासून

आमच्या डोळेकाकांची प्रत्येक कादंबरी दुसऱ्या पानापासून सुरू व्हायची. पहिलं पान कोरं, वर कोपऱ्यात फक्त एकचा आकडा. बाकी सगळी कादंबरी लिहून झाली की मगच ते पान भरायचं, हा त्यांचा नियम. त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

काका पेणच्या गणपतीच्या कारखान्यातले. मूर्तीचं सगळं रंगकाम आटोपलं की शेवटी डोळे आखायचे, ते काम त्यांचं. चतुर्थीपर्यंत डोळे आणि विसर्जन झालं की कादंबरी. माझं रोह्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. पिशवीत खाली कादंबरी, वर पोह्याचे पापड असे ते एसटीने यायचे. पेणला टायपिंगवाले काय कमी आहेत? पण काका म्हणायचे, "पेणला दिली तर कादंबरीचा शेवट माझ्याआधी घरी पोचंल."

गाडीत त्यांना खिडकी नको असायची. माणसांच्या मध्ये उभं राहायला मिळालं की स्वारी खूश. "डोलवीला कंपनीची शिफ्ट सुटली की अर्धी कादंबरी गाडीत चढते गो," असं सांगायचे. पुढचा गडबचा थांबा येईपर्यंत कोण कुणावर का रुसलंय ते त्यांना कळलेलं असायचं. दुकानात आल्या आल्या तिकिटामागे खरडलेलं मला वाचून दाखवायचे. एकदा त्यात मीच निघाले, भांडखोर नणंद म्हणून! मी दोन खेपा त्यांच्याशी बोलले नाही, तर माझा अबोलाही त्यांनी पुढच्या प्रकरणात वापरला.

पहिल्याच कादंबरीला मी घोळ घातला होता. कोपऱ्यातला आकडा माझ्या लक्षातच आला नाही, वरचं कोरं पान मला नुसतं वेष्टन वाटलं. मी त्यात वडापाव गुंडाळून खाल्ला, दुसऱ्या पानाला एक नंबर दिला आणि कादंबरी पुण्याच्या प्रकाशकांना पाठवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी काका दारात हजर. "डोळे न आखता मूर्ती गिऱ्हाइकाला दिलीस गो?" आवाज मात्र जरासुद्धा चढलेला नाही. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. मग स्टुलावर बसून त्यांनी समजावलं, "डोळे आधी आखले तर मूर्ती आपल्याकडं बघत राहते. मग हात चालत नाय. गोष्टीचंपण तसंच हाय."

चौथी कादंबरी त्यांनी काकूंवर लिहिली. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तीनशे पानं झरझर आली, मी टाइपही केली, आणि पहिल्या पानाशी गाडं अडलं ते अडलंच. त्याच सुमारास त्यांचा हात थरथरू लागला. कारखान्यात डोळ्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि काका मुकुटाला सोनेरी रंग लावू लागले. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. त्या पानाचं मात्र वाटत होतं. एकदा म्हणाले, "हजारो गणपतींचे डोळे आखले, पण हिचे कसे होते ते आठवत नाय. नीट बघितलंच नाय गो कधी. हे पान राहिलं तर ती तशीच राहील, बिनडोळ्यांची."

मी फोटो मागितले. लग्नाच्या फोटोत काकूंची मान खाली. शेवटी आधार कार्डाची झेरॉक्स स्कॅन करून मोठी केली. काकांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ही नाय. हा कोणतरी तलाठी दिसतो." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण पान कोरंच राहिलं. प्रकाशकांचे फोन यायचे, मी थापा मारायचे.

असे सात महिने गेले. एके दिवशी मी कुणाच्या तरी दुकानाची पाटी छापून भिंतीला चिकटवत होते. सहज विचारलं, "काका, सरळ बसली का?" ते दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "डावी बाजू वर गेलीय." आणि तिथंच थांबले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी आणायला धावले, तर ते स्टुलावर बसून म्हणाले, "हे तिचं हाय गो. चहा घेऊन ती कारखान्याच्या दारात उभी राहायची. 'डावा वर गेलाय,' म्हणायची. मी मूर्तीकडं बघायचो, तीपण मूर्तीकडंच. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांकडं नाय, एकाच जागी बघत होतो."

मी कागद पुढे केला. त्या थरथरत्या हाताने त्यांनी तिथेच लिहायला घेतलं: 'डावा डोळा वर गेलाय,' ती दारातून म्हणाली.

पान पुरं व्हायला अख्खी दुपार लागली. मला रडू आवरेना. काकांनी मात्र कागद लांब धरला आणि विचारलं, "बसली का सरळ?"

"व्हय काका," मी म्हटलं.

पुस्तक आलं, काकांनी ते कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले. मला त्यांची अजून फार आठवण येते. पेणकडून कुणी पिशवी घेऊन आलं की आधी तिच्यात पापड आहेत का बघावंसं वाटतं.

आता मीही थोडंफार लिहिते. हे लिहायला बसले तेव्हा वर जागा कोरी सोडली होती, आणि तुम्ही सुरुवातीला वाचलेला परिच्छेद मी आत्ता, सगळ्यात शेवटी लिहिला. दोन पावलं मागे जाऊन पाहतेय. डावी बाजू जरा वर गेल्यासारखी वाटते, पण सांगणार कोण?