तहान लागायच्या आधी

शालनबाईंची निम्मी मेथी निवडून झाली होती. निम्मी जुडी पेपरावर तशीच टाकून त्या उठल्या. त्यांची सून पूनम चाकणला कंपनीच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत कोसळली, असा फोन आला होता.

दवाखान्यात पूनमनं सासूला ओळखलंच नाही. "मावशी, तळेगावची बस कुठं थांबती?" एवढंच विचारत राहिली. मुलगा ओंकार आईवरच घसरला. खंडोबाचे पाच अळणी रविवार पूनमनं शालनबाईंच्या सांगण्यावरून धरलेले, आजचा तिसरा. मिठाचा कण पोटात नाही आणि पोर पळाली, असं तो चारचौघांत बोलला. देवाच्या नावानं आपणच घात केला की काय, या विचारानं शालनबाईंचं काळीज करपत होतं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून उलगडा केला. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, फार उतरलंय, मेंदूला सूज आलीय. उपासानं थोडी भर घातली असेल, पण खरा घोळ पाण्याचा. घामावाटे गेलं त्याच्या कितीतरी पट पाणी ती साडेतीन तासांत प्यायली, त्यानं रक्तातलं मीठ विरळ झालं. आता जास्त मिठाचं सलाईन मोजून चालू आहे.

तेवढ्यात शर्यतीचा मास्तर प्रीतम शहाळं घेऊन आला. पाणी कमी पडलं असणार, म्हणाला. आम्ही तर वाटेतल्या पाण्याच्या दर टेबलावर बजावत होतो, तहान लागायच्या आधी प्या. चक्कर आल्यावरही दोन बाटल्या पाजल्या.

शालनबाई उभ्या राहिल्या. "भरल्या घागरीत आणखी वतलं तुमी, मास्तर. देवानं तहान कशापायी दिली हाय? ती काय तुमाला इचारून लागती व्हय?"

छापील सूचनाच तशी आहे, तो पुटपुटला. पुढच्या रविवारी तळवड्यात शर्यत आहे, तिथंही तीच लावलीय.

"म्हंजी तितं दुसऱ्याची सून."

ओंकारला त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या देवाला मी जाब देईन. तू मधी पडू नगंस."

संध्याकाळी पूनमनं सासूला ओळखून नेहमीसारखी "आत्या" अशी हाक मारली. शालनबाईंनी तिच्या कपाळाला भंडारा लावला, पण राग उतरला नाही. डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी चिठ्ठीवर चार ओळी लिहून घेतल्या: तहानेपुरतंच प्या, भोवळ आली तर नुसतं पाणी पाजत बसू नका, दवाखान्यात न्या.

सकाळी पहिल्या बसनं तळवड्याला जायचं, शर्यतीच्या ऑफिसात ती चिठ्ठी द्यायची आणि भिंतीवरची सूचना उतरवून घ्यायची.