घाटात थांबलेला ठिपका

माझ्या साडूभाऊंनी आयुष्यात कुणाचंच ऐकलं नाही. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढत आणि घरी रेडिओपासून पाण्याच्या पंपापर्यंत जे धड चालू असेल ते उघडून बसत. पुन्हा जुळलं नाही तर म्हणत, "बनवणाऱ्यालेच समजलं नाही हे." त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, रोज बसने बैहरच्या शाळेत शिकवायला जाई. परतीची बस कधी पाचला येई, कधी सातला. स्टँडवर विचारलं की एकच उत्तर, "आ रही है." त्या तीन शब्दांविरुद्ध साडूभाऊंनी युद्ध पुकारलं.

मोबाइल तेव्हा नुकते गावात आले होते. उपग्रहावरून जागा ओळखणारं एक यंत्र त्यांनी मागवलं, त्याला मोबाइल जोडला, दोन्ही स्टीलच्या डब्यात कोंबलं आणि तो डबा बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली बांधला. डब्यातून संदेश येई आणि घरच्या कॉम्प्युटरवर, त्यांनीच काढलेल्या नकाशात, लाल ठिपका सरके. पहिल्या दिवशी बस स्टँडवर आणि ठिपका वैनगंगेच्या मधोमध. शेजारी पोट धरून हसले. "हसा," साडूभाऊ म्हणाले, "बस बराबर हाय. नदीच चुकली." मग महिनाभर खपून त्यांनी नदी सरकवली. ड्रायव्हर चहाला किती वेळ बसतो तेही आता दिसू लागलं, तेव्हा तो भडकला.

"भाऊ, पहारा ठेवून राह्यले का आमच्यावर? काढा तो डबा!"

"नाही काढत. माही बायको बसते या गाडीत."

घाटात मोबाइल लागत नसे. ठिपका घाटाच्या तोंडाशी थांबे आणि पाऊण तासाने खाली उगवे. श्रावणातल्या एका संध्याकाळी दीड तास झाला तरी तो उगवला नाही. स्टँडवर म्हणाले, "आ रही है." शेजारी म्हणाले, डबा बिघडला. खरं सांगतो, मीही तेच म्हणालो.

"डबा नाही, गाडी बिघडली," साडूभाऊ जीप सुरू करत म्हणाले. "तू येतं का नाही, तेवढं सांग."

एका वळणावर बस सालाच्या झाडाला टेकून कलली होती. माणसं रस्त्यावर भिजत उभी होती. ड्रायव्हरचा पाय चेंगरला होता, आणि मेव्हणी स्वतःचा पदर फाडून तो बांधत होती. साडूभाऊंनी आधी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी ड्रायव्हरला उचललं.

"भाऊ, तुम्हाले कसं समजलं?" तो कण्हत म्हणाला.

"समजलं नाही. वाट पाहवली नाही."

पाय वाचला. पुढे मेव्हणीची बदली गावातच झाली आणि बसमधला डबाही निघाला. तरी संध्याकाळी साडूभाऊ कॉम्प्युटर लावून बसत. एकदा तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आता कोणाले पाहता? मी तं घरातच आहो."

"हौ," ते म्हणाले, आणि पडद्यावरच्या, बैहरच्या त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहतच राहिले.