चिखल्याच्या चर्चमधली तीन प्रवचने

दोन वर्षांपूर्वी, धानाची रोवणी सुरू असताना, एका रविवारी सकाळी चिखल्याच्या खाण वसाहतीतल्या चर्चमध्ये मी पहिले प्रवचन दिले. ते चार मिनिटांत संपले. उपासनेची वेळ भरून काढण्यासाठी पाळकांना एक गीत जास्तीचे घ्यावे लागले.

मी तुमसरला राहतो. नागपूरहून निघणाऱ्या एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून वीसहून जास्त वर्षे काम करतो. आमचे घर ख्रिस्ती. वडील खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे बालपण चिखल्यात गेले. पुढे तुमसरला घर झाले, तरी रविवारची उपासना चिखल्याचीच राहिली.

तिथली मंडळी, म्हणजे उपासनेला येणारा समाज, लहान आहे. खाणीतून निवृत्त झालेले काही जण, काही अजून कामावर असलेले, त्यांच्या घरची माणसे आणि आजूबाजूच्या गावांतली दोन-तीन शेतकरी कुटुंबे. पाळक एकच, आणि त्यांच्याकडे अशा चार मंडळ्या. ते डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणारे पाळक महिन्यातून एकदाच चिखल्याला येऊ शकतील, असे वरून कळवण्यात आले. बाकीच्या रविवारी उपासना चालवायची असेल तर मंडळीने आपल्यातलाच एक शिकलेला प्रचारक द्यावा. नसेल तर चिखल्याची उपासना बंद, लोकांनी तुमसरला यावे. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात मंडळीतले निम्मे लोक गुडघेदुखीचे होते आणि रविवारच्या एसटीचा कोणालाच भरवसा नव्हता.

पाळकांनी माझे नाव सुचवले. हा माणूस रोज लिहितो, याला बोलणे काय जड जाणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनीच ईशज्ञानाच्या दूरशिक्षणाचा अर्ज आणून दिला. नोकरी सांभाळून करायची दोन वर्षांची पदविका. पुस्तिकांचे पार्सल पोस्टाने येते, शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर वर्ग असतो, वर्षाच्या शेवटी परीक्षा.

शनिवारची संध्याकाळ ही तालुका प्रतिनिधीचीही कामाची वेळ. एका कानात तारणाचा सिद्धांत आणि दुसऱ्या कानात धान खरेदी केंद्रासमोर लागलेली ट्रॅक्टरची रांग, असे अनेक शनिवार गेले. शेजारी तांदळाचे व्यापारी राहतात. त्यांनी गॅलरीतून विचारले, कायचा क्लास चालू हाय. देवाचा, मी सांगितले. त्यातही नापास करतात का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. करतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मग फी कायले भरता, असे विचारून ते आत गेले.

हिब्रू सोडता लेखी पेपर मला जड गेले नाहीत. शुभवर्तमानांच्या अभ्यासात जे प्रश्न विचारतात ते आमच्या धंद्यातलेच होते. हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, एकाने लिहिताना दुसऱ्याचा मजकूर समोर ठेवला होता का. असल्या चौकशीत माझे आयुष्य गेले आहे. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. त्यांनी माझे उत्तर वर्गात वाचून दाखवले.

अडचण उपदेशाच्या विषयात होती. त्यासाठी एकाच मंडळीत तीन प्रवचने द्यायची, फोनवर त्यांचे चित्रण करायचे आणि ते मॅडमना पाठवायचे. त्यावर मॅडम गुण देणार. प्रचारक म्हणून घ्यायचे की नाही हे मात्र मंडळीची कमिटी ठरवणार. दोन्हीकडून होकार आला तरच चिखल्याची उपासना टिकणार होती.

पहिल्या प्रवचनासाठी मी घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट निवडली. सगळ्यांना माहीत असलेली, त्यामुळे सोपी, असा विचार होता. मी उभा राहिलो आणि सांगितले की धाकटा मुलगा घरी परत आला आहे, बापाने त्याला स्वीकारले आहे, त्यानिमित्त जेवण देण्यात आले आणि मोठा भाऊ नाराज आहे. मग तो का गेला होता, कुठे राहिला, काय खाल्ले, असा उतरत्या महत्त्वाने तपशील दिला. शेवटी डुकरांचा उल्लेख केला आणि बसलो. बातमी अशीच लिहितात. जागा कमी पडली तर खालून कापता यावी म्हणून.

उपासनेनंतर अंगणात चहा असतो. कमिटीचे सेक्रेटरी खाणीत माणसे खाली-वर नेणारी लिफ्ट चालवत असत. आता निवृत्त आहेत. वडिलांच्या ओळखीचे असल्यामुळे मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी बशीत चहा ओतून घेतला.

"बाबू, पोरगा वापस आला हे तू पहिलेच सांगून टाकलं," ते म्हणाले. "मंग आम्ही कायले बसून राहावं?"

बायकांत हसू पिकले. मी त्यांना सांगितले की महत्त्वाचे आधी सांगायची सवय आहे. काका म्हणाले की लिफ्टसुद्धा हळूहळूच खाली न्यावी लागते, नाहीतर माणसांच्या पोटात गोळा येतो. मॅडमनी चित्रण पाहून कळवले की रचना सुधारा, लांबी वाढवा, बाकी चर्चा दुसऱ्या प्रवचनानंतर करू.

दुसरे प्रवचन सप्टेंबरमध्ये झाले. धान निसवू लागले होते आणि लोकांना थोडी उसंत होती. या वेळी मी समुद्रातल्या वादळाची गोष्ट घेतली. शेवट शेवटीच ठेवला. नावेत पाणी कसे शिरले ते सविस्तर सांगितले. वैनगंगेच्या पुरात नावेवरून मी बातमी केली होती, त्यामुळे पाण्याचे वर्णन जमले. लोक ऐकत होते. मग मी वादळ शांत होण्याशी आलो.

तिथे मी काय बोललो ते चित्रणात आहे. प्रभूने वाऱ्याला धमकावल्याचे शुभवर्तमानात नमूद आहे, असे मी म्हणालो. शिष्यांच्या सांगण्यानुसार समुद्र तत्काळ शांत झाला. या घटनेला आणखी दोन शुभवर्तमानांत दुजोरा मिळतो.

पुढच्या बाकावरून मावशी उभ्या राहिल्या. या काकांच्या थोरल्या वहिनी, वसाहतीत सगळ्यांच्या मावशी. तुमसरला जाणे ज्यांना कधीच जमणार नव्हते त्यांत त्यांचा नंबर पहिला. चर्चच्या दोन पायऱ्या चढायलाही त्यांना कोणाचा तरी हात लागतो. चालू प्रवचनात त्या उठल्या तेव्हा त्यांना बाहेर जायचे असेल असे वाटून शेजारच्या बाईने हात पुढे केला. मावशींनी तो बाजूला सारला.

"बाबू, वादळ थांबलं का नाही थांबलं?"

मी म्हणालो, "थांबल्याचं नमूद आहे, मावशी."

"नमूद मले नको सांगू. ते माह्या पुस्तकात हाय. तू काय सांगून राहिला ते सांग."

मी पुन्हा तेच म्हणालो, फक्त शब्द बदलून. मावशी खाली बसल्या. उरलेले प्रवचन मी पूर्ण केले.

त्या दिवशी चहाला कोणी थट्टा केली नाही. कमिटी आत बसली. पाळकांनी बाहेर येऊन मला सांगितले की निर्णय पुढे ढकलला आहे. लोकांचे म्हणणे असे की हा माणूस चांगला आहे, अभ्यास लय हाय, पण याचा स्वतःचा विश्वास आहे की नाही ते कळत नाही. ज्याचे कळत नाही त्याच्या हाती उपासना कशी द्यायची. मावशीही कमिटीत आहेत आणि त्यांचे मत सगळ्यांत कडक होते. उपासना बंद झाली तर तुमचेच हाल होतील, असे पाळकांनी त्यांना सांगून पाहिले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तरही पाळकांनी मला सांगितले. घरी बसून राहीन, पण पेपर ऐकायले इथं येणार नाही.

घरी मी हे पत्नीला सांगितले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला आश्चर्य वाटले नाही.

"तुम्ही घरीबी असेच बोलता," ती म्हणाली. "काल काय म्हणाले, भाजीत मीठ कमी असल्याचं दिसते. कमी हाय म्हणा ना सरळ. मी का तुमच्यावर केस करणार हाय?"

शनिवारच्या वर्गानंतर मॅडमनी मला थांबवून घेतले. वेगळ्या भाषेत त्यांचे म्हणणे तेच होते. लेखी उत्तरात जे चांगले तेच प्रवचनात आड येते. सगळे नावेत आहेत आणि तुम्ही काठावर वही घेऊन उभे आहात असे वाटते. तिसऱ्या प्रवचनात नावेत बसा. मी विचारले, ज्याला आपण हजर नव्हतो ते आपल्या नावावर कसे सांगायचे. मॅडम म्हणाल्या की हा प्रश्न घेऊनच तयारी करा.

तयारी सुरू झाली ती अशी की मी मजकूर लिहायचो, त्यातले सगळे 'नमूद' काढायचो आणि मोठ्याने वाचायचो. दोन-तीन ओळींनंतर जीभ अडायची. वीस वर्षांत एकही ओळ स्रोताशिवाय छापायला पाठवलेली नव्हती. नियमाला अपवाद एकच. बातमीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल तर कोणाचा हवाला द्यावा लागत नाही. म्हणून मी स्वतः काय पाहिले आहे तिथून सुरुवात करायचे ठरवले.

तिसरे प्रवचन नाताळच्या आधीच्या रविवारी झाले. पाळकांचा चिखल्यातला तो शेवटून दुसरा रविवार. घरोघरी धानाची चुरणी-मळणी आटोपली होती आणि चर्च भरले होते. मावशी पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

मी चौघांनी खाटेवरून आणलेल्या लुळ्या माणसाची गोष्ट घेतली, पण तिथून सुरुवात केली नाही. सिहोऱ्याच्या पुढे एका गावात काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका शेतकऱ्याला साप चावला. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चालले होते, गाडी येत नव्हती. चौघांनी त्याला खाटेवर घातले आणि शेतातून रस्त्यावर आणले. मी अलीकडच्या काठावरून सगळे पाहत होतो. बातमी रस्ता नसल्याची झाली. फोटो खाटेचा छापून आला, चौघांचे चेहरे कापले गेले. मंडळीला मी ते चेहरे सांगितले. चौघांत एक ठेंगणा होता. त्याच्या बाजूने खाट कलायची म्हणून त्याने आपल्याकडचा खाटेचा पाय खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. चिखलात खाट कुठे टेकवता येत नव्हती, त्यामुळे खांदे चालता चालता बदलले. आणि मागच्या उजव्या पायाला जो माणूस होता त्याची आणि आजाऱ्याची बांधावरून कोर्टात केस चालू होती. ही केस मला माहीत होती, कारण तिच्या मारामारीची बातमी मीच दिली होती.

काकांनी मागून विचारले, "मंग तो बचला का?"

"बचला, काका."

"आन केस?"

"केस चालू आहे. दोघेही तारखेला हजर राहतात."

चर्चमध्ये हशा झाला. पाळकही हसले. हशा थांबल्यावर मी म्हणालो की शुभवर्तमानातल्या चौघांतही एखादा असा असेल, हा माझा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच घ्यावा. मग मी पुढे सांगितले. दारात गर्दी होती म्हणून त्यांनी घराचे छप्पर उघडले. खाट दोरांनी खाली सोडली. प्रभूने त्याला ऊठ म्हटले आणि तो माणूस उठला, आपली खाट उचलून घरी चालत गेला.

या तीन वाक्यांना मी हवाला दिला नाही. बोलताना मी मावशींकडे पाहत होतो. त्या उठल्या नाहीत.

प्रवचन अठरा मिनिटे चालले. चहा झाल्यावर कमिटी आत बसली. दरवाजा उघडा होता आणि अंगणातून सगळे ऐकू येत होते. एकाने शंका काढली की हा रविवारी कुठे आग लागली, अपघात झाला तर तिकडे पळेल, मग उपासनेचे काय. काका म्हणाले की तेव्हा आपण गीते म्हणू, कोणाचे बिघडते. मग त्यांनी मावशींना विचारले. मावशी म्हणाल्या, "आज त्यानं स्वतः सांगतलं. राहू द्या त्याले."

ठराव झाला. पाळकांनी सही केली आणि तो वर पाठवला.

मॅडमनी जानेवारीत निकाल कळवला. उपदेशाच्या विषयात मी उत्तीर्ण झालो. हिब्रूचा पेपर राहिला होता, तो पुढच्या सत्रात द्यावा लागला. पाळक ठरल्याप्रमाणे डिसेंबरअखेर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चिखल्यात उपासना साडेनऊला सुरू झाली आणि अकराच्या आत संपली. प्रवचन मी दिले.