बुजवलेला लोटा

आमच्या नेऱ्याच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, त्याच्याबरोबर चाक फिरायचं, आणि चाकावरच्या माळेतले मातीचे लोटे भरून वर येऊन पन्हळीत ओतायचे. प्रत्येक लोट्याच्या बुडाला बारीक भोक. बैल थांबला की पाणी गळून जावं, भरल्या माळेचं ओझं चाकावर राहू नये, म्हणून.

हे माझ्या बायकोला कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी पनवेलच्या बाजाराला गेलो, तेवढ्यात तिने पळस्प्याला रस्त्याचं काम चाललं होतं तिथून डांबर आणलं आणि सगळ्या लोट्यांची भोकं बुजवली.

सकाळी बैल जुंपला. पाणी असं आलं की मी खुळ्यासारखा बघतच राहिलो. पण बैल सोडला मात्र, चाक उलटं फिरू नये म्हणून लावलेली अडणीची खुंटी भरल्या माळेच्या ओझ्याने मोडली, चाक उलटं सुटलं आणि लोटे काठावर आपटून फुटले. एक तेवढा वाचला.

मी ओरडलो, "डोकं हाय का खोकं?"

"गळकी भांडी तुमी वापरता, आन डोकं माझं काढता?"

माझा बाप हसून हसून खालीच बसला.

उरलेल्या लोट्याचं भोक तिने मला मोकळं करू दिलं नाही. "तो माझा हाय," म्हणाली. वालाचं बी राखेत घालून ती त्यात ठेवायची. पंप आला, रहाट गेला, आजूबाजूला फार्महाऊस झाली. लोटा फळीवर तसाच.

ती जाऊन सात महिने झाले. उन्हाळ्यात ती तुळशीवर गळतं मडकं टांगायची. यंदा ते काढताना माझ्याच हातून फुटलं. तुळस तिच्या हातची, सुकायला लागली. सून म्हणाली, "बाबा, प्लास्टिकची बाटली टांगू."

"नाय," म्हटलं, आणि लोटा खाली काढला.

वाल काढून ठेवले. लोटा उपडा केला तर डांबरावर तिच्या अंगठ्याचा ठसा. खिळा हातात घेऊन किती वेळ ओटीवर बसलो, कोण जाणे. लोटा राखावा तर तुळस जाते. शेवटी खिळा चुलीत लाल केला आणि ठशाच्या कडेला टेकवला. मधोमध टेकवणं माझ्याच्याने झालं नाही.

आता थेंब थेंब पडतंय. तुळशीला खाली दोन फुटवे आलेत. रोज सकाळी लोटा भरताना मी तिला सांगतो, "गळतंय गं. पण फुकट नाय जात."